किती वाजता, कोणाबरोबर

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

यापुढे तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू मध्येच बोलतोस, मी मध्येच ओरडते, आणि फोन ठेवल्यावर तो कशासाठी केला होता हे दोघांनाही आठवत नाही. लॉन्ड्रीच्या बॉयलरशेजारी एवढी वर्षं काढल्यावर माझा डावा कान तसाही निवृत्त झाला आहे. तेव्हा पत्र. आमची गाडी तुझ्या चष्म्याच्या दुकानावरून रोज जाते. ड्रायव्हर पत्र देईल आणि उत्तर घेऊन येईल.

बातमी अशी की आपला बाब्या नगरपालिकेला उभा राहतोय, आपल्याच वॉर्डातून. चाळिशी उलटली तरी माझ्या तोंडी बाब्याच येतं, त्यामुळे त्याच्या सभांना मला बोलायला उभं करायचं नाही असं त्याच्या माणसांनी ठरवलं आहे. आठ वर्षं लॉन्ड्रीचं ऑफिस सांभाळलं, आता शहर सांभाळतो म्हणतो. हे असते तर त्यांना आनंद झाला असता, किंवा धास्ती वाटली असती. मला आलटून पालटून दोन्ही वाटतं.

त्याचा प्रचारप्रमुख सांगतो की मतदान वाढलं की बाब्या आलाच. कालव्याकडच्या इमारतींमधले लोक मतदानाला फिरकतच नाहीत म्हणे. तू तिथे दुकान सांभाळून लोकांना मतदानाला बाहेर काढायचा उद्योग करतोस. इतके दिवस मला तो रिकामटेकडेपणा वाटायचा. मी मत बदललं आहे. सोबत चेक आहे. चौकात मोठे फलक लाव, गाणं वाजवत फिरणारी गाडी लाव, आणि ह्यांचा फोटो असलेले टी-शर्ट वाट. एक भला मोठा फुगा मागवला आहे, तो परस्पर तुझ्याकडे येईल. खर्चाच्या मानाने मतं किती वाढली याचा हिशेब महिन्याअखेरीस पाठव. चादरींचा हिशेब मला रोज मिळतो, मतांचा मिळायला हरकत नसावी.

माझा लोभ आहेच. तो चेकबरोबर वाढला असं समजू नकोस.

तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चेक पोचला. वटवलेला नाही. नंबर तपासायच्या तक्त्यामागे खोचून ठेवला आहे, त्यामुळे गिऱ्हाईक खालची बारीक ओळ वाचायला लागलं की मला तुझी आठवण येते.

बाब्या उभा राहतोय हे वाचून बरं वाटलं. त्याचा पहिला चष्मा मीच केला होता. त्याला फळा दिसत नव्हता आणि तू मास्तरांना धारेवर धरलं होतंस. चष्मा लावल्यावर त्याने आधी तुझ्याकडे बघितलं आणि तू एवढी मोठी आहेस हे माहीत नव्हतं म्हणाला. भाचा म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं तुला आवडणार नाही.

संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत आमची मंडळी जमतात. एक शिवणकाम करणारी, एक नर्स, बसचा जुना कंडक्टर, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोघी. ज्याने त्याने आपल्याच जिन्यातली दारं वाजवायची, कारण अनोळखी माणूस काहीतरी विकायला आलाय अशीच सगळ्यांची खात्री असते. मत कोणाला द्यावं यावर अवाक्षर काढायचं नाही. प्रश्न तीनच विचारायचे. किती वाजता जाणार, कोणाबरोबर जाणार आणि घरी कोण थांबणार. नुसतं जाणार का विचारलं तर सगळेच हो म्हणतात. मीसुद्धा रोज पहाटे फिरायला जाणार असतो. पण साडेनऊला, शेजारच्या काकूंबरोबर, बाळाजवळ सासूबाई थांबतील, असं ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तो बहुतेक जातोच.

फलक काही खांबावरून उतरून कोणाच्या आजीला हात देत नाही. तेव्हा द्यायचंच असेल तर थोडं थोडं दे, पण निवडणूक संपल्यावरही देत राहा. निवडणुकीच्या महिन्यात देणारे पुष्कळ येतात. नंतर मागच्या खोलीचं विजेचं बिल मी एकटा भरतो आणि जमलेली माणसं पांगतात. मग पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला लागतं तरी काय? बसभाडं, चहा, मतदानाच्या दिवशी पोरांना सांभाळायला एक बाई आणि ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची.

अटी अशा. तुझं, भावोजींचं किंवा बाब्याचं नाव कशावरही येणार नाही. पैसे कोणी दिले ते मात्र दुकानाच्या काचेवर सगळ्यांना वाचता येईल असं लावेन. आणि दारं सगळी वाजवू, बाब्याला मानणाऱ्यांची आणि न मानणाऱ्यांचीही. खर्चाचा हिशेब पैशापैशाचा मिळेल. मतांचा मिळणार नाही. माणूस घरातून निघाला तो आमच्यामुळे की बायकोच्या कटकटीमुळे, हे मला कळायचा मार्ग नाही.

पटत नसेल तर चेक सुखरूप आहे. राग आला तरी पत्र येऊ दे.

तुझा,
बारक्या


११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पैसे द्यायचे, नाव लावायचं नाही, हिशेब मागायचा नाही आणि वर विरोधकांना चहा पाजायचा. आमच्या हिशेबनीसाला मी तुझं पत्र वाचायला दिलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि आपला नंबर वाढलाय का असं विचारलं.

तरीही मी हो म्हणते आहे. प्रचारप्रमुखाचं गणित असं आहे की जे घरी बसतात ते आपलेच असतात, फक्त आळशी. तेव्हा वाजव सगळी दारं. पहिला चेक फाडून टाक, सोबत लहान पाठवते आहे. दर महिन्याला असाच येईल. टी-शर्ट रद्द केले. फुगा रद्द होत नाही म्हणतात.

तुझे ते तीन प्रश्न मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. बाब्या खूप हसला. माझ्या वयाच्या बाईला कोणाबरोबर जाणार म्हणून विचारायला कोणी आलंच तर माझं उत्तर पाठ आहे. सकाळी दहा वाजता, बाब्याबरोबर. आधी ह्यांच्याबरोबर जात होते, हे गेल्यापासून त्याच्याबरोबर. घरी मोलकरीण थांबते. झालं तुझं काम?

वेळेवर जेवत जा. इथे सगळे मजेत आहेत, हे असंच राहावं एवढीच इच्छा.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फुगा आला. एका खोलीएवढा आहे आणि दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबाला अडकला आहे. खाली घ्यायला शिडी मिळत नाही. त्याच्यावर काहीच लिहिलेलं नसल्यामुळे मी नवीन काय विकायला काढलं आहे असं लोक विचारून जातात. धंदा किंचित वाढला आहे.

तुझ्या पैशांतून बसभाडं, चहा आणि एक चाकांची खुर्ची झाली. पावत्या काचेवर लावल्या आहेत. कंडक्टर खुर्ची इतक्या प्रेमाने ढकलतो की धडधाकट माणसंही बसू का विचारतात.

आता जे लिहायचं आहे ते मी दोन दिवस टाळतो आहे. कालव्याकडच्या पाच इमारतींमधून आमचे सगळेजण एकच उत्तर घेऊन परत आले. लोकांनी दारं उघडली, नीट बोलले, पण पहिल्याच प्रश्नावर अडले. किती वाजता जाणार ते त्यांना सांगता येईना. मतदान आठ ते सहा असतं. त्यांची पाळी सहा ते सहा असते. ताई, ती पाळी तुझ्या लॉन्ड्रीची आहे. त्या इमारतींमध्ये जवळजवळ प्रत्येक घरातलं एक तरी माणूस तुझ्या चादरी इस्त्री करायच्या रोलरवर नाहीतर धुलाईच्या यंत्रांवर आहे. ते आळशी नाहीत, त्या दिवशी ते तुझ्याकडे असतात.

मी वर्षानुवर्षं त्यांची दारं वाजवत आलो आणि हे माझ्याही डोक्यात आलं नाही. कामावरून आलेल्या माणसाला मी आळशीच समजत होतो.

तेव्हा यावेळी पैसे नकोत. त्या दिवशी पाळी अर्धी अर्धी कर, अर्धे सकाळी जातील, अर्धे दुपारी. एवढं जमलं तर तुझ्या सगळ्या चेकांपेक्षा मोठं काम होईल.

दुसरी गोष्ट लपवली तर तुझी फसवणूक होईल म्हणून लिहितो. हे लोक बाब्याला मत देतील असं मला वाटत नाही. आमच्यापैकी कोणी विचारलेलं नाही, ते आपणहून बोलतात. बाब्याने ऑफिसात असताना रोलरसमोरची स्टुलं काढून टाकली होती. उभं राहून काम केलं की उत्साह वाढतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली, पण त्यांचे पाय रोज त्यांना आठवण करून देतात.

विचार कर आणि मग रागाव.

तुझा,
बारक्या


४ मार्च

बारक्यास,

विचार केला आणि रागावले.

आपल्याकडे चार इस्पितळांच्या चादरी येतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला आज मतदान आहे, उघड्या गादीवर झोपा, असं तू जाऊन सांगणार आहेस का? आणि मी मतदान वाढवायला पैसे दिले होते, पोटच्या पोराला पाडायला नाहीत. प्रचारप्रमुख म्हणतो, निवडणूक इतकी अटीतटीची आहे की ती एक पाळी बाहेर पडली तर सगळं संपलं. बाब्या रात्रंदिवस फिरतोय, त्याचे गाल बसले आहेत. आई म्हणून मी एवढंच करायचं की त्याच्या विरुद्ध जाणाऱ्यांना गाडीतून पोचवायचं?

कालव्याकडचे पाच जिने सोडून दे. बाकी सगळं शहर तुझं. नाहीतर उरलेले पैसे परत कर.

ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उरलेले पैसे सोबत आहेत. खुर्ची परत करता येत नाही, तिच्यात आत्ता तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बसले आहेत. तिचे पैसे मी माझे घातले आहेत.

जिने मात्र सोडणार नाही. आज तुझ्या सांगण्यावरून पाच सोडले, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून तू राहतेस ती टेकडी सोडावी लागेल, आणि मग ज्याचा चेक मोठा त्याच्या बोटाने आम्ही दारं मोजत बसू. तुझ्या चादरींचं खरं आहे.

तुझा राग मला कळतो. त्या पोराला पहिला चष्मा मीच लावला होता. पण मला वाईट वाटतंय ते तुझं पत्र आशीर्वादाशिवाय सुरू झालं याचं. आयुष्यात पहिल्यांदा. ते तू विसरलीस असं समजून मी ते माझ्या मनाने वर लिहून घेतलं आहे.

तुझा,
बारक्या


१९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि. (मागच्या वेळचेही यातच धर.)

काल मी रोलरवर गेले. हे गेल्यापासून ऑफिसच्या काचेतूनच बघायची सवय लागली होती, आणि काचेतून सगळं सुरळीतच दिसतं. आत वाफ इतकी की चष्मा निकामी. एका टोकाला दोघी ओली चादर धरून सरकवतात, दुसऱ्या टोकाला दोघी घडी घालतात, आणि बसायला खरोखरच काही नाही. मी उभी राहिले. थोड्या वेळाने एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मग भिंतीला टेकले. मग बघितलं तर भिंतीला खांद्याएवढ्या उंचीवर एक लांबलचक मळका पट्टा होता. सगळ्याजणी तिथेच टेकतात.

मुकादमबाईला मी सहज म्हणून तुझा पहिला प्रश्न विचारला, की मतदानाला किती वाजता जाणार. ती ह्यांच्या वेळची आहे, तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध. तिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली की मालकीणबाईंनी आजपर्यंत चादरी किती वाजता होतील एवढंच विचारलंय, त्यामुळे उत्तर तयार नाही. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. मला तिथे उभं राहवेना, आणि बसायला तर काही नव्हतंच.

पाळी अर्धी अर्धी केली आहे. पगार पूर्ण. चादरी आदल्या दिवशी जास्त काढून ठेवायच्या, असं इस्पितळांशी बोलून झालं. एकेका फोनवर जमलं, याचीच मला जास्त लाज वाटते. स्टुलं गोदामात होती, वर आणली.

बाब्याला मीच सांगितलं. त्याने विचारलं की मी कोणाच्या बाजूची आहे. मी म्हटलं, तुझ्या. तो म्हणाला, तसं दिसत नाही. ताटावरून उठला. बारक्या, मी बरोबर केलं असं मला वाटतं आणि काल रात्री मी रडले. दोन्ही कळवून ठेवते, हिशेबात काही सोडायचं नाही.

पैसे परत पाठवते आहे. दर महिन्याला येतील. आता नाही म्हणालास तर मी फोन करेन.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुला कळला आहेच. तरी आपल्या माणसाने लिहावं म्हणून लिहितो. बाब्या थोडक्या मतांनी पडला. ताई, मला फार वाईट वाटलं. मतमोजणीनंतर तो समोरच्या उमेदवाराशी हात मिळवायला स्वतःहून गेला आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. मी जवळ गेलो तर मामा, काच खराब झाली आहे म्हणाला. काच चांगली होती.

मतदान आपल्या वॉर्डात कधी नव्हे इतकं झालं. दुपारी तुझ्या रोलरवरच्या बायका कामाच्या अॅप्रनवरच आल्या आणि रांग कोपऱ्यापर्यंत गेली. पोरं सांभाळणाऱ्या बाईकडे इतकी पोरं झाली की तिने फुग्याखाली उभं राहून शाळा भरवली. तुला सकाळी बाब्याबरोबर रांगेत बघितलं. दोघंही समोर बघत होतात. माझी हिंमत झाली नाही म्हणून मी पुढे आलो नाही.

त्या पाळीमुळे तो पडला का, हे तू विचारशील. मला माहीत नाही. कोणालाच माहीत होणार नाही, आणि ते तसंच असायला हवं म्हणून तर पेटीला कुलूप असतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, तुला वाचायला सोपं नसणार.

कळव कशी आहेस. नाही कळवलंस तर मी टेकडी चढून येईन, आणि माझ्या गुडघ्यांचा खर्च तुझ्या नावावर लावेन.

तुझा,
बारक्या


१४ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी मधली पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण बातमी एकच होती. बाब्या एप्रिलमध्ये वेगळा राहायला गेला. बोलत नाही. शर्ट मात्र धुवायला आपल्याच लॉन्ड्रीत पाठवतो, नाव न घालता, पण कॉलरचं माप मला माहीत आहे. ते शर्ट मी घरी आणते आणि इस्त्री स्वतः करते. मागच्या आठवड्यात एकाचं बटण तुटलं होतं, ते लावून पाठवलं. परवा आणखी दोन शर्ट आले, दोन्हींची बटणं तुटलेली. एवढी बटणं आपोआप तुटत नाहीत. मी तीही लावून पाठवली.

हिशेबनीस विचारत होता की निवडणूक संपली तरी चष्म्याच्या दुकानाला दर महिन्याला पैसे कशाचे. मी सांगितलं, विजेच्या बिलाचे. त्याने तसंच लिहिलं.

पण पत्र वेगळ्याच कारणाने लिहिते आहे. काल संध्याकाळी दार वाजलं. मोलकरीण आता सकाळीच येऊन जाते, म्हणून मीच उघडलं. बाहेर मुकादमबाई. टेकडी चढून आल्यामुळे धाप लागलेली, छातीवर तुमचा बिल्ला. म्हणाली की तुमच्या मंडळींत ती जूनपासून आहे, रिकाम्या दिवसांत सराव म्हणून ओळखीची दारं वाजवायला सांगतात, आणि टेकडीवर तिच्या ओळखीचं दार एकच आहे. मी आत ये म्हटलं. तिने आधी प्रश्न होऊ देत म्हटलं.

किती वाजता जाणार? मी म्हटलं, दहाला. ते तर पाठच होतं.

कोणाबरोबर जाणार? तेही पाठ होतं, पण बाब्याबरोबर असं म्हणता येईना. तुम्ही लोकांना थांबायला शिकवता का रे? ती थांबली. घाई केली नाही, दुसरीकडे बघितलं नाही. मी सांगितलं की तिसरा प्रश्न आधी घे, घरी कुलूप थांबेल. त्यावर तिने मान हलवली आणि पुन्हा दुसऱ्यावर आली. मग मीच म्हटलं की तसं कोणी नाही.

ती म्हणाली, मग मी येते न्यायला.

बसायला सांगितलं तर म्हणाली की आता बसते, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसली. आम्ही चहा घेतला. पुढची निवडणूक अजून दीड वर्ष लांब आहे. मी दहाला तयार असेन.

तो फुगा अजून खांबावर असेल तर राहू दे. तुझ्या गुडघ्यांना जप, आणि माझ्यावर असाच रागावत जा.

तुझी,
ताई